नमुन्यातला शब्द

नोंदणी कार्यालयाच्या फाटकासमोर आमची सहा दुकानं ओळीने आहेत. दुकान म्हणजे काय, तर एक टेबल, एक संगणक, कुरकुरणारा प्रिंटर, गिऱ्हाइकासाठी दोन खुर्च्या आणि दाराजवळ एक स्टूल. मी दस्तलेखक. लोकांची खरेदीखतं, भाडेकरार आणि मृत्युपत्रं लिहून देतो. एकतीस वर्षं झाली. पहिली दहा-बारा टाइपरायटरवर गेली, त्यामुळे माझ्या बोटांचा आवाज अजून शेजारच्या दुकानात जातो.

मृत्युपत्राचा माझा एक ठरलेला नमुना आहे. नाव, वय, पत्ता बदलायचा, कोणाला काय द्यायचं ते भरायचं, बाकी सगळं तेच. त्या नमुन्याच्या तिसऱ्या ओळीत एक शब्द कायमचा ठाण मांडून बसलेला आहे: स्वकष्टार्जित. 'खाली वर्णन केलेली माझी स्वकष्टार्जित मिळकत.' म्हणजे माणसाने स्वतःच्या कष्टाने मिळवलेली, बापाकडून आयती न आलेली, कोणी दान न दिलेली. शब्दाचं काम साधं आहे. वडिलोपार्जित म्हटलं की दहा जण हक्क सांगायला उभे राहतात. स्वकष्टार्जित म्हटलं की सगळ्यांनी गप्प बसायचं. ज्याने मिळवलं त्याची मर्जी, मुलाला देईल नाहीतर गल्लीतल्या कुत्र्याला देईल. कुलपासारखा शब्द आहे, म्हणून मी तो कधी काढत नाही. तो खरा आहे की खोटा हे बघणं माझं काम नाही, असं मी इतकी वर्षं मानत आलो. सांगणाऱ्याने सांगायचं, लिहिणाऱ्याने लिहायचं.

गिऱ्हाइकांना तो आवडतो. मजकूर मी मोठ्याने वाचून दाखवतो. तसा दंडकच आहे, कारण शेवटी 'वाचून दाखवले, समजले, मान्य आहे' असं लिहायचं असतं. मी एका सुरात भरभर वाचतो, पण त्या शब्दाशी आलो की आपोआप सावकाश होतो आणि समोरचा माणूस खुर्चीत ताठ होतो. एक गृहस्थ तर सासऱ्याने दिलेल्या घराचं मृत्युपत्र करायला आले होते. शब्द ऐकून म्हणाले, हा जरा ठळक अक्षरात येईल का. बायको शेजारीच बसली होती. तिने चष्मा काढून पुसला आणि परत लावला. मी शब्द ठळक करून दिला. मला काय त्याचं.

ताईबद्दल सांगायचं तर आधी बाबांबद्दल सांगावं लागेल.

बाबा सुतार होते. मी नऊ वर्षांचा असताना लाकूड कापायच्या यंत्रात त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. आई त्याच्या दोन वर्षं आधीच गेली होती. ताई तेव्हा सतरा वर्षांची. तिने शाळा सोडली आणि औषधांच्या कारखान्यात बाटल्या तपासायच्या कामाला लागली. पांढऱ्या दिव्यासमोर उभं राहायचं, बाटली उलटी करून आत बघायचं. कण, केस, काचेचा कपचा दिसला तर बाटली डावीकडच्या खोक्यात, नाहीतर उजवीकडच्या. आठ तास उभ्याने, अडतीस वर्षं. पायांच्या शिरा सुतळीसारख्या वर आल्या. घरीसुद्धा पाण्याचा पेला तोंडाला लावण्याआधी ती तो उजेडाकडे धरायची. आम्ही हसायचो, ती पण हसायची.

त्या पगारावर मी शिकलो, बाबांचं औषधपाणी झालं, आणि त्याच पगारावर आम्ही भाड्याच्या एका खोलीतून निघून स्वतःच्या घरात आलो. तीन खोल्या, वर गच्ची. कागद बाबांच्या नावाने झाला. का झाला, असं कोणी विचारलं नाही. घरातलं मोठं माणूस म्हणून त्यांचं नाव, इतकंच. बाबांनी घराची चारही दारं स्वतः केली, उरलेल्या दोन बोटांनी रंधा धरून. दोन वर्षं लागली, आणि मागच्या खोलीचं दार अजून चौकटीत अडतं. बाबांचं म्हणावं अशी त्या घरात ती चार दारं. बाकी विटेपासून नळापर्यंत सगळं ताईच्या पायांवर उभं होतं आणि ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. आमच्या घरात माहीत असलेल्या गोष्टी कोणी बोलून दाखवत नसे.

ताईचं लग्न राहिलं. प्रत्येक वेळी काहीतरी निघायचं. कधी माझी परीक्षा, कधी बाबांचं ऑपरेशन, एकदा तर गच्चीचा गिलावा. मग विचारणारे थांबले. माझं मात्र वेळेवर झालं.

ऐंशी पार केल्यावर बाबांनीच मृत्युपत्राचा विषय काढला. एका सकाळी चहाच्या वेळी म्हणाले, "आमचं घर छोट्याच्या नावाने करायचं. ताई काय, ती घरातलीच आहे." छोट्या म्हणजे मी, वय वर्षं त्रेपन्न, पोट सुटलेला. ताई नळाखाली कप विसळत होती. तिने मागे वळून बघितलं नाही. 'असं कसं, बाबा' एवढं म्हणायला मला काय झालं होतं? ओठावर आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण त्याबरोबर हेही आलं की ताई इथेच राहणार, मी तिला सांभाळणारच, मग कागदावर कोणाचं नाव आहे याने काय फरक पडतो? कागदाने काय फरक पडतो, असं मला वाटलं. मला, ज्याचं पोट कागदावर आहे.

ज्याला मिळकत मिळायची त्याने मृत्युपत्र लिहू नये असा आमच्या धंद्यात संकेत आहे. म्हणून मजकूर मी केला आणि लेखक म्हणून सही शेजारच्या दुकानातल्या दस्तलेखकाची घेतली. त्याला आम्ही सगळे शिक्का म्हणतो, कारण रबरी शिक्का शर्टाच्या खिशात घेऊन फिरतो आणि खिशाला कायम जांभळा डाग. तो सही करतो, वाचत नाही. मीही त्याच्यासाठी अशा पुष्कळ सह्या केल्या आहेत. दोन साक्षीदार कार्यालयातले मिळाले.

बाबा कोट घालून आले होते. ताई त्यांचा हात धरून घेऊन आली आणि दाराजवळच्या स्टुलावर बसली. शिक्का सही करून आपल्या गिऱ्हाइकाकडे गेला होता. मी वाचायला लागलो. तिसरी ओळ आली, सवयीने मी सावकाश झालो, 'माझी स्वकष्टार्जित मिळकत' म्हणालो, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. बाबा 'आमचं घर' म्हणाले होते. त्यांनी बिचाऱ्यांनी हा शब्द मागितला नव्हता. तो नमुन्यात होता म्हणून उतरला होता. इतक्या वर्षांत मी तो विचार न करता हजार वेळा उतरवला असेल, तसाच.

बाबांनी दोन बोटांचा हात वर केला. "परत वाच," म्हणाले.

मी परत वाचलं. चव्वेचाळीस वर्षं तो माणूस मुलीच्या कमाईवर जेवला होता. ताटात पडेल ते निमूट खायचं, कशाला नाव ठेवायचं नाही, भाजीत मीठ नसलं तरी मागायचं नाही. आता त्यांची हनुवटी वर आली होती आणि डोळे भरले होते. मला त्यांचा आनंद बघवेना आणि नजरही काढवेना.

ताईने विचारलं, "म्हणजे काय रे तो शब्द?"

गिऱ्हाइकांना सांगतो तेच मी तिला सांगितलं. ज्याने जे स्वतःच्या कष्टाने मिळवलं, ते.

ती बाबांकडे बघत राहिली. मी पेन उचललं. खोडणं एका रेघेचं काम होतं. आमच्यात खोडाखोड चालते, फक्त शेजारी समासात सही करावी लागते की ही रेघ मी जाणूनबुजून मारली आहे. त्यासाठी बाबांना तेवढं सांगावं लागलं असतं.

"असू दे," ताई म्हणाली. "त्यांना आवडलाय." मग जवळ येऊन, मला एकट्याला ऐकू येईल इतक्या हळू, "तू नंतर नीट कर."

मी मान हलवली.

बाबा त्यानंतर चौदा महिने जगले आणि ते चौदा महिने त्यांनी त्या शब्दावर काढले. विजेचं मीटर बघायला आलेला माणूस असो की रस्ता चुकलेला कोणी, त्याला दारात उभं करून सांगायचे, हे माझं स्वकष्टार्जित. शब्द त्यांच्या जिभेवर नीट बसत नव्हता, तरी सांगायचे. ताई आतून पाणी घेऊन यायची, पेला उजेडाकडे धरून बघायची आणि पाहुण्याच्या हातात द्यायची. मला वाटतं, ते चौदा महिने तिने बाबांना बक्षीस दिले. ती देऊ शकत होती, कारण तिचा माझ्यावर विश्वास होता.

बाबा गेले. घर माझ्या नावावर लागलं. आणि ताई विचारायला लागली.

पहिल्यांदा मला कळलंच नाही. मागच्या खोलीत तिला कॅलेंडर लावायचं होतं. ती हातोडी घेऊन माझ्या बायकोपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "इथे खिळा ठोकला तर चालेल ना?" बायको हसून म्हणाली, अहो ताई, हे काय विचारणं झालं. पण ताई हसली नाही, उत्तराची वाट बघत उभी राहिली. मग रोजचंच झालं. पंखा लावू का, कपडे गच्चीत वाळत घालू का, मैत्रीण येणार आहे तर पुढच्या खोलीत बसू का. तिच्या आवाजात टोमणा असता तर मी भांडलो असतो. टोमणा नव्हता. एखाद्याच्या घरात राहणारं शहाणं माणूस जसं विचारतं तसं ती विचारायची. ज्या भिंती तिने गवंड्याला दोनदा पाडून परत बांधायला लावल्या होत्या, त्याच भिंतींत खिळा मारायला तिला परवानगी लागत होती.

एका रविवारी मी तिच्या खोलीत गेलो. म्हटलं, ताई, अर्धं घर तुझ्या नावावर करून देतो. हवं तर सगळं. बक्षीसपत्र करू, माझ्या हातातलं काम आहे.

"त्यात काय लिहितात?" तिने विचारलं.

मी नमुना तोंडपाठ म्हणून दाखवला. मी, अमुक, माझ्या मालकीची मिळकत, माझ्या बहिणीस, तिच्याविषयी वाटणाऱ्या प्रेमापोटी व आपुलकीपोटी, कोणताही मोबदला न घेता बक्षीस देत आहे.

"माझंच घर तू मला बक्षीस देणार?" ताई म्हणाली.

ती रागावली नव्हती. रात्रभर मी डोक्यात नमुने चाळत राहिलो. विकल्याचा कागद आहे, दिल्याचा आहे, सोडल्याचा आहे, वाटून घेतल्याचा आहे. ज्याचं होतं त्याला 'हे तुझंच होतं' असं सांगण्याचा कागद माझ्याकडे नव्हता. इतक्या वर्षांत असा कागद करून घ्यायला एकही माणूस माझ्या दुकानात आला नव्हता.

शेवटी मी तो नव्याने लिहिला. प्रतिज्ञापत्र, अर्ध्या पानाचं. वडिलांच्या मृत्युपत्रात घराचं जे वर्णन आहे ते माझ्या हातून चुकीने पडलं, सदर घर माझ्या थोरल्या बहिणीच्या स्वकष्टार्जित कमाईतून उभं राहिलं आहे आणि त्यावर खरा हक्क तिचा आहे. इतकं सरळ मराठी मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. ताईला वाचून दाखवलं. तिने विचारलं, झालं का मग? मी म्हटलं, झालंच, फक्त कार्यालयातल्या साहेबासमोर सही राहिली आहे.

सहीला फाटक ओलांडून जायचं, दहा मिनिटांचं काम. बायकोला कळलं तेव्हा ती म्हणाली, ताईंना आपल्याशिवाय कोण आहे, आज ना उद्या परत आपल्याकडेच येणार, मग हा द्राविडी प्राणायाम कशाला? मुलगा म्हणाला, आजोबांच्या मृत्युपत्रावर तुम्हीच शंका घेतलीत तर सगळाच कागद कच्चा होईल. दोघंही चुकीचं बोलत नव्हती. वाईट तर मुळीच नव्हती. मी म्हटलं, बघू पुढच्या आठवड्यात. कागद टेबलाच्या दुसऱ्या खणात गेला. पुढचा आठवडा आला की गर्दी असायची, नाहीतर साहेब रजेवर असायचा. साहेब इतका रजेवर असता तर त्याची नोकरी गेली असती. खरं सांगायचं तर सकाळी खण उघडला की कागद बघून मीच तो परत बंद करायचो. मला घर सोडायचं नव्हतं. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. घर हातात आलं होतं आणि मला ते आवडायला लागलं होतं.

ताईने पुन्हा एकदाच विचारलं. मी म्हटलं, थोडा वेळ लागतोय. ती म्हणाली, "सवडीने कर." मग म्हणाली, "खिडकी उघडू का?"

अकरा महिने तो कागद खणात पडला. बाराव्या महिन्यात ताई बसथांब्यावर उभी असताना खाली कोसळली. इस्पितळात चार दिवस होती, शुद्ध आली नाही. तिचे पाय चादरीबाहेर राहायचे आणि मी ते परत परत झाकायचो. चौथ्या दिवशी दुपारी नर्सने मला बाहेर बसायला सांगितलं आणि थोड्या वेळाने परत आत बोलावलं.

दुकान मी आठ दिवसांनी उघडलं. टेबल पुसत होतो तर शिक्का आला. नेहमीसारखा ओरडत आला नाही, लिफाफा समोर ठेवला आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसला. म्हणाला, तुमच्या बहिणीने दोन महिन्यांपूर्वी माझ्याकडून मृत्युपत्र करून घेतलं होतं. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या होत्या.

मी लिफाफा फोडला. एक पान. सगळं मलाच दिलं होतं. एक आरामखुर्ची, एक हातातलं घड्याळ, एक लोखंडी कपाट, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची सहा भांडी. 'माझ्या भावाच्या मालकीच्या घरातील मागच्या खोलीत असलेल्या' असं वर्णन होतं. माझ्या भावाच्या मालकीच्या. मी ते दोनदा वाचलं.

शिक्क्याचा नमुना माझ्याकडूनच उचललेला. तिसऱ्या ओळीत शब्द होता. त्याच्यावर निळ्या पेनाची रेघ होती, पट्टीने मारल्यासारखी सरळ, आणि शेजारी समासात ताईची पूर्ण सही.

"हे का खोडलं?" मी विचारलं.

"मीही तेच म्हटलं," शिक्का म्हणाला. "कागद ट्यूबलाइटकडे धरून बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, खुर्ची कारखान्याने निरोपाला दिली, घड्याळ मैत्रिणीने दिलं, कपाट वडिलांचं, बाकीचं असंच जमलेलं. माझ्या कष्टाचं एकच होतं, ते या यादीत नाही. मग खोटं कशाला लिहायचं? आणि पेन मागून घेतलं." खिशातला शिक्का काढून तो हातात फिरवत राहिला. "इतक्या वर्षांत हा शब्द कोणी खोडलेला मी बघितला नाही. कोणतं हो ते, त्यांच्या कष्टाचं?"

दुसरा खण माझ्या गुडघ्याला टेकला होता. बाहेर एक म्हातारा आणि त्याचा मुलगा वाट बघत उभे होते, हातात कागदांची पिशवी.

मला माहीत नाही, असं मी त्याला सांगितलं, आणि म्हाताऱ्याला आत बोलावलं.